वऱ्हाडातून जॅझ ऐकताना : रेडिओ आणि ध्वनिमुद्रणे

जॅझ हे मुख्यतः उपजेचे संगीत आहे. चार-सहा वादक एक ठरलेली चाल घेतात, ती एकदा मिळून वाजवतात आणि मग त्याच चालीच्या चौकटीत प्रत्येक जण आपल्या पाळीला त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. एवढा क्रम ध्यानात ठेवला तरी बहुतेक जॅझ ध्वनिमुद्रणे पहिल्या ऐकण्यातच उलगडू लागतात. पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या या चौकटीला वादक ‘कोरस’ म्हणतात. आपल्या आवर्तनाशी तिचे नाते जवळचे आहे, फक्त तिची लांबी मोठी असते: चार-चार मात्रांची बारा किंवा बत्तीस घरे, म्हणजे 48 किंवा 128 मात्रा. डबल बास आणि ड्रम ठेका धरतात, पियानो किंवा गिटार मागून स्वरांचे आधार देते, आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट ही वाद्ये पुढे येऊन बोलतात.

हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानाला दोन गोष्टी मात्र नव्याने शिकाव्या लागतात. पहिली गोष्ट कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची. आपल्याकडे तानपुरा एकच षड्ज धरून बसतो. जॅझमध्ये चालीखालची जमीन दर एक-दोन घरांनी बदलते आणि वादकाची उपज त्या बदलत्या जमिनीवरून चालते. सुरुवातीला वाद्य भरकटल्यासारखे वाटते ते यामुळे. अशा वेळी ट्रम्पेट सोडून काही मिनिटे फक्त बासकडे कान लावावा. जमीन कुठे सरकते ते बास स्पष्ट सांगतो. दुसरी गोष्ट लयीची. जॅझमध्ये टाळी पहिल्या मात्रेवर पडत नाही, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. ड्रमवादक पायाने मिटवतो ती झांजांची जोडी बहुतेक वेळा याच दोन मात्रांवर वाजते. समेवर टाळी देण्याची सवय असलेल्या श्रोत्याने दोन दिवस जाणीवपूर्वक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी देऊन पाहावी. हाताला लय सापडली की कानाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जॅझच्या मुळाशी ब्लूज आहे, आणि ब्लूजच्या मुळाशी कापूस. अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी खोऱ्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी आणि पुढे त्यांच्या मुला-नातवंडांनी पिढ्यान्‌पिढ्या कापूस वेचला; शेतातले हाकारे, कामाची गाणी आणि चर्चमधली भजने यांतून ब्लूज घडले. वऱ्हाडाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, तीही मुख्यतः या कापसासाठी. ज्या युद्धाने पऱ्हाटीला सोन्याचा भाव दिला, त्याच युद्धाने मिसिसिपीच्या शेतांतली गुलामगिरी संपवली. वऱ्हाडातल्या श्रोत्याने ब्लूज परके समजावे असे त्यात काही नाही.

ब्लूजची रचना साधी असते. बारा घरांत तीन ओळी: पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. गाणारा प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा सोडतो आणि ती जागा वाद्य भरते. गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, असा मधल्या श्रुतीवर लावलेला ऐकू येतो. पियानोवर हा स्वर सापडत नाही, म्हणून पियानोवादक दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास निर्माण करतात. मींड आणि श्रुती यांची ओळख असलेल्या कानाला हा स्वर लगेच सापडतो. युरोपीय संगीतात वाढलेल्या श्रोत्यापेक्षा मराठी श्रोता इथे एक पाऊल पुढे असतो.

सवाल-जवाबाची पद्धतही वऱ्हाडात नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने ज्यांनी गुरुकुंज मोझरीत किंवा गावच्या प्रार्थनेत ऐकली आहेत, त्यांना एकाने ओळ टाकायची आणि समूहाने ती उचलायची ही रीत पाठ आहे. काळ्या अमेरिकन चर्चमध्ये प्रवचनकार आणि मंडळी यांच्यात हेच चालते आणि तेथूनच ते जॅझमध्ये आले. ऐकायला सुरुवात करण्यासाठी आर्ट ब्लेकी यांच्या वाद्यवृंदाने ऑक्टोबर 1958 मध्ये मुद्रित केलेले ‘मोनिन’ घ्यावे. पियानोवादक बॉबी टिमन्स यांची ही चाल. पियानो छोटासा सवाल टाकतो, सारे वादक दोन स्वरांत त्याला होकार देतात. मग भूमिका बदलतात, वाद्यवृंद विचारतो आणि पियानो होकार देतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात जॅझचा हा सारा व्यवहार समजून जातो. योगायोग असा की तुकडोजी महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 चा, आणि 2012 पासून युनेस्कोच्या पुढाकाराने जगभर साजरा होणारा आंतरराष्ट्रीय जॅझ दिनही 30 एप्रिललाच असतो. त्या दिवशी बहुतेक जॅझ रेडिओ केंद्रांवर खास कार्यक्रम असतात.

परिचित गाणे घेऊन त्याला वेगळाच आकार देणे हा जॅझचा नित्यक्रम. अशा परिचित गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. एकच स्टँडर्ड शेकडो वादकांनी वाजवलेले असते आणि प्रत्येकाचे वेगळे असते. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे ज्यांनी मन लावून ऐकले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांनी गाजवलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या 1967 च्या नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोन घराण्यांच्या दोन गायकीत येते; शब्द तेच, पण एकातला ठहराव आणि दुसऱ्यातली झेप यांत जमीन-अस्मानाचा फरक. जॅझचा श्रोता नेमका हाच फरक ऐकत असतो. गाणे कोणते यापेक्षा त्याचे काय केले, इकडे त्याचे लक्ष.

जॅझ वऱ्हाडात आणखी एका वाटेने आधीच येऊन गेलेले आहे. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि शिकागोचे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकलेले हे वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांत वाजवत. आल्डोन्याचे ॲंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांच्यातले सर्वांत गाजलेले ट्रम्पेटवादक. भारताचे लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याती होती. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांनी त्यांना साहाय्यक म्हणून घेतले, आणि 1951 चा ‘अलबेला’ आला. या चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव. त्यांचा जन्म अमरावतीचा. ‘शोला जो भडके’ मागचा वाद्यमेळ किंवा ‘आशा’ (1957) मधल्या ‘ईना मीना डीका’तली निरर्थक अक्षरांची बरसात ऐकताना वऱ्हाडातल्या तीन पिढ्या नाचल्या आहेत. जॅझमधल्या अशा निरर्थक अक्षरांच्या गायनाला ‘स्कॅट’ म्हणतात. लुई आर्मस्ट्राँग यांच्या 1926 च्या ‘हीबी जीबीज’ या तबकडीने ते घरोघर पोचवले. तराणा माहीत असलेल्या कानाने ‘हीबी जीबीज’ आणि ‘ईना मीना डीका’ एकापाठोपाठ ऐकावेत. मधला एकतीस वर्षांचा प्रवास सहा-सात मिनिटांत कानावर पडतो.

रेडिओ हा जॅझ शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि तो आजचा नाही. 1955 च्या जानेवारीपासून व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपणात विलिस कोनोव्हर जॅझचा तास सादर करत. खोल आवाज, सावकाश आणि स्वच्छ उच्चार, वाक्ये छोटी. इंग्रजी जेमतेम समजणाऱ्यालाही वादकाचे नाव लिहून घेता यावे अशी ती बोलण्याची रीत होती. कार्यक्रमाची खूण म्हणजे ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचे ‘टेक द ए ट्रेन’. अमेरिकन कायद्यामुळे हे प्रक्षेपण खुद्द अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी नव्हते, म्हणून जगभर घरोघरी ओळखला जाणारा हा निवेदक स्वतःच्या देशात जवळजवळ अनोळखी राहिला. 1996 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे हे काम चालू होते. पूर्व युरोप आणि आशियातले कितीतरी वादक या तासावर वाढले.

आज अकोला आणि अमरावती येथील आकाशवाणीच्या केंद्रांवर भर आहे तो मराठी-हिंदी कार्यक्रमांवर, आणि तेच योग्यही आहे. जॅझसाठी मोबाइलवरचा इंटरनेट रेडिओ वापरावा. केंद्रे असंख्य आहेत, पण सुरुवातीला दोनच निवडावीत. पहिले न्यूअर्कचे डब्ल्यूबीजीओ. न्यूयॉर्कला लागून असलेले हे केंद्र 1979 पासून जॅझ वाजवत आहे. तिथले निवेदक वादकांची नावे नीट सांगतात. दुसरे न्यू ऑर्लीन्सचे डब्ल्यूडब्ल्यूओझेड, 1980 मध्ये सुरू झालेले. ते त्या शहराचा पितळी वाद्यांचा रस्त्यावरचा बाज आणि ब्लूज भरपूर ऐकवते. निवेदन कमी आणि संगीत जास्त हवे असेल तर रेडिओ फ्रान्सची ‘फिप जॅझ’ ही वाहिनी किंवा सिॲटल भागातील ‘जॅझ 24’ लावावी. पॅरिसचे ‘टीएसएफ जॅझ’ फ्रेंचमध्ये बोलते, पण गाण्यांची निवड चांगली असते.

अभ्यासू श्रोत्याने कोलंबिया विद्यापीठाचे डब्ल्यूकेसीआर केंद्र अवश्य ऐकावे. विद्यार्थी चालवतात ते हे केंद्र. थोर वादकाच्या जन्मदिनी इथे सलग चोवीस तास त्याचेच संगीत वाजते: 29 एप्रिलला ड्यूक एलिंग्टन, 29 ऑगस्टला चार्ली पार्कर, 23 सप्टेंबरला जॉन कोलट्रेन. याच केंद्रावर फिल शाप यांनी सुमारे चाळीस वर्षे कामाच्या दिवशी सकाळी केवळ पार्कर यांच्या संगीताचा कार्यक्रम केला. एकेका तबकडीमागची तारीख, स्टुडिओ, फसलेले प्रयत्न, वादकांतला वाद, सगळे ते सांगत. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसावर चाळीस वर्षे बोलता येते हे ज्यांना खरे वाटत नसेल त्यांनी आपल्याकडच्या ज्ञानेश्वरीच्या निरूपणकारांकडे पाहावे.

वेळेचा हिशेब एकदा पक्का करून भिंतीवर लावावा. न्यूयॉर्क भारताच्या मागे आहे: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास, आणि उरलेल्या हिवाळ्यात साडेदहा तास. म्हणजे तिथले रात्रीचे आठ वाजले की अमरावतीत उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात सकाळचे साडेसहा होतात. न्यू ऑर्लीन्स आणखी एक तास मागे. पॅरिस उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. तिथले संध्याकाळचे सहा इथे रात्री साडेनऊ किंवा साडेदहाला वाजतात. सकाळी अमेरिका आणि रात्री युरोप, अशी वाटणी सोयीची पडते. जन्मदिनाचे चोवीस तासही याच हिशेबाने पाहावेत: 29 ऑगस्टचा पार्कर दिन इथे त्या दिवशी सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि 30 ऑगस्टच्या सकाळी साडेनऊला संपतो.

वऱ्हाडात पहाटेच्या वेळेला आणखी एक महत्त्व आहे. एप्रिल ते जूनमध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की दुपारपासून रात्री उशिरापर्यंत घरोघर कूलर घरघरत असतो. त्याची जाड, सलग घरघर नेमकी बासचा खालचा स्वर आणि ड्रमवरच्या ब्रशची सळसळ खाऊन टाकते. जॅझमधले नाजूक काम याच दोन ठिकाणी असते. आवाज वाढवून उपयोग होत नाही. ट्रम्पेट कर्कश होतो आणि बास तरीही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात पहाटे कूलर बंद असताना, खिडक्या उघड्या ठेवून ऐकावे. दुपारी ऐकायचेच असेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावावेत.

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नये. डबल बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपनांची असते आणि इतका खालचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरमधून निघतच नाही; म्हणजे वाद्यवृंदातला एक माणूस गैरहजरच राहतो. साधे तारेचे इयरफोनही यापेक्षा बरे. दोन स्पीकरची जोडी असेल तर ती एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर, भिंतीपासून थोडी पुढे आणि कानाच्या उंचीवर ठेवावी. डेटाचा खर्च फार नाही: 128 केबीपीएसच्या प्रक्षेपणाला तासाला सुमारे 58 एमबी लागतात, म्हणजे रोज एक तास ऐकले तरी महिन्याला पावणेदोन जीबीच्या आत. रेंज कमी असलेल्या गावात 64 केबीपीएसची वाहिनी निवडावी. आवाज थोडा बसतो, पण गाणे मध्ये तुटत नाही, आणि उपजेच्या संगीतात सलगपणाला जास्त किंमत आहे.

रेडिओ लावून घरकाम करणे आणि रेडिओ ऐकणे यांत फरक आहे. रोज अर्धा तास पुरे, पण त्या अर्ध्या तासात दुसरे काही करू नये. शेजारी वही असावी. गाण्याचे नाव, प्रमुख वादक, त्याचे वाद्य आणि वर्ष, एवढे टिपावे. नाव निसटले तर केंद्राच्या संकेतस्थळावर वाजलेल्या गाण्यांची यादी असते. नुसते गाण्याचे नाव लिहून चालत नाही. ‘बॉडी अँड सोल’ असे टिपले तर पुढे शोधताना शेकडो ध्वनिमुद्रणे समोर येतील. ‘कोलमन हॉकिन्स, सॅक्सोफोन, 1939’ असे लिहिले तर नेमके हवे ते सापडेल. रविवारी आठवड्याच्या टिपणांतून एकच ध्वनिमुद्रण निवडावे आणि ते चार वेळा ऐकावे: एकदा पूर्ण, एकदा फक्त बास, एकदा फक्त ड्रम, आणि शेवटी पुन्हा पूर्ण. या चौथ्या ऐकण्यात जे मिळते ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

आता ध्वनिमुद्रणांकडे. पहिले लुई आर्मस्ट्राँग यांचे ‘वेस्ट एंड ब्लूज’, 28 जून 1928. त्या काळची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजायची. त्यामुळे जे सांगायचे ते तीन मिनिटांत. सुरुवातीला आर्मस्ट्राँग साथीशिवाय एकट्या ट्रम्पेटवर दहा-बारा सेकंद जी उठावण घेतात ती ऐकून पुढच्या पिढ्यांनी ट्रम्पेट हातात घेतले. अर्ल हाइन्स यांचा पियानोही लक्ष देऊन ऐकावा. त्यानंतर हॉकिन्स यांचे वर उल्लेखिलेले ‘बॉडी अँड सोल’: मूळ चाल सुरुवातीला जराशी दिसते आणि मग ती पुन्हा सरळ कधीच येत नाही, तरी गाणे तेच राहते. 1939 मध्येच बिली हॉलिडे यांनी गायलेले ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे दक्षिणेत झाडांना लटकवून मारलेल्या कृष्णवर्णीयांबद्दलचे गाणे आहे. ते एकट्याने, शांतपणे ऐकावे. त्यानंतर लगेच दुसरे गाणे लावू नये.

चार्ली पार्कर यांचे ‘को-को’ (1945) पहिल्याच आठवड्यात ऐकू नये. त्याचा वेग सवय नसलेल्या कानाला दमवतो. वहीची पंधरा-वीस पाने भरल्यावर त्याच्याकडे वळावे. तोवर एला फिट्झजेराल्ड यांचा बर्लिनमधला फेब्रुवारी 1960 चा कार्यक्रम घ्यावा. ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द आठवेनासे झाले, आणि त्यांनी गाणे न थांबवता जागच्या जागी नवे शब्द रचले. उपज म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

एकच तबकडी घ्यायची असेल तर ती ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ असावी. 1959 च्या 2 मार्च आणि 22 एप्रिल या दोन दिवसांत ती मुद्रित झाली आणि ऑगस्टमध्ये बाजारात आली. मराठी श्रोत्याला ती सर्वांत जवळची वाटण्याचे कारण तांत्रिक आहे. डेव्हिस यांनी इथे भराभर बदलणारे कॉर्ड बाजूला ठेवले आणि एकेका स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबायचे ठरवले. पहिल्या ‘सो व्हॉट’ या रचनेचे सप्तक म्हणजे कोमल गंधार आणि कोमल निषाद असलेला आपला काफी थाट. सुरुवातीला पियानो आणि बास लयीबाहेर, आलापासारखे थोडे बोलतात. मग बास चाल टाकतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. पुन्हा तोच सवाल-जवाब.

यानंतर घरे मोजावीत. आठ घरे काफीची, आणखी आठ काफीची, मग आठ घरांसाठी अख्खे सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी येतात. षड्जच असा सरकणे आपल्या संगीतात सहसा होत नाही, म्हणून तो क्षण पहिल्यांदा ओळखू आला की अंगावर काटा येतो. डेव्हिस अशी दोन आवर्तने घेतात, मग सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन दोन, कॅननबॉल ॲडरली दोन, आणि पियानोवर बिल इव्हान्स एक. बोटांवर मोजत एकदा ऐकले की नऊ मिनिटांचा नकाशा कायमचा पाठ होतो. मग तिघांतला फरक ऐकावा: डेव्हिस किती स्वर गाळतात, कोलट्रेन किती भरतात, ॲडरली कसे हसत वाजवतात. याच तबकडीवरचे ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ऑल ब्लूज’ बारा घरांचे ब्लूज आहेत. एक खबरदारी सुरेल कानाच्या लोकांसाठी. मुद्रणाच्या पहिल्या दिवशी ध्वनिफीत किंचित कमी वेगाने फिरली, त्यामुळे जुन्या प्रतींमध्ये पहिल्या बाजूची तिन्ही गाणी थोडी वरच्या सुरात वाजतात. ही चूक 1992 नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. पेटीवर स्वर जुळवून पाहणाऱ्यांनी नवी आवृत्तीच घ्यावी.

1959 चीच डेव्ह ब्रूबेक यांची ‘टाइम आउट’ तालात रमणाऱ्यांसाठी आहे. ब्रूबेक 1958 मध्ये भारतात येऊन गेले होते. या तबकडीवरचे पॉल डेझमंड यांचे ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आहे, तीन आणि दोन अशा विभागांचे. ‘ब्लू राँडो’ नऊ मात्रांत, दोन-दोन-दोन-तीन. झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीनची सवय असलेला हात ‘टेक फाइव्ह’ लगेच धरतो, फक्त विभाग उलटे पडतात. ड्यूक एलिंग्टनही 1963 मध्ये भारतात होते. त्या दौऱ्यातून पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ झाली आणि तिच्यात दिल्लीत ऐकलेल्या मैनेच्या शिळेवर एक रचना आहे.

जॉन कोलट्रेन यांची ‘अ लव्ह सुप्रीम’ 9 डिसेंबर 1964 रोजी एका बैठकीत मुद्रित झाली. तेहतीस मिनिटे, चार भाग. बासने टाकलेली चार स्वरांची ओळ पहिल्या भागभर फिरते, सॅक्सोफोन तिला बाराही पट्ट्यांत नेतो, आणि शेवटी माणसाचा आवाज तीच ओळ नामासारखी पुन्हा पुन्हा म्हणतो. चौथ्या भागात कोलट्रेन आपली लिखित प्रार्थना शब्दागणिक सॅक्सोफोनवर वाचतात. हरिपाठ ऐकत वाढलेल्या माणसाला हे संगीत कुठून येते ते सांगावे लागणार नाही. त्यांच्या पत्नी ॲलिस कोलट्रेन यांच्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ (1971) मध्ये तानपुराच आहे.

भारतीय वादकांची ध्वनिमुद्रणे शेवटी ठेवावीत, म्हणजे त्यांतले जॅझ आणि त्यांतला राग दोन्ही ओळखू येतात. शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ (1968) रईस खान यांच्या सतारीसह अकरा राग घेते. तोडी, भैरव, मालकंस ऐकून पाहावेत. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांची ‘इंटिग्रेशन’ (1969) लंडनमध्ये झाली आणि ती जास्त खोल आहे. 1976 च्या ‘शक्ती’मध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम आहे. बेळगावला जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू यांनी तबला आणि ड्रम एकत्र मांडून युरोपात स्वतःचा बाज निर्माण केला. त्यांच्या ‘उस्फ्रेट’ (1988) मध्ये आईचा आवाज आहे. 1978 मध्ये निरंजन झवेरी आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, तिला पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स आले होते.

जुन्या तबकड्या जमवायच्या असतील तर वऱ्हाडचा उन्हाळा लक्षात घेऊनच जमवाव्यात. प्लास्टिकची लाँगप्ले तबकडी पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीत ठेवली की वाकते, आणि वाकलेली तबकडी सहजासहजी सरळ होत नाही. तबकड्या आडव्या रचू नयेत. उभ्या, एकमेकींना टेकून, तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या उष्णतेपेक्षा धक्क्याने फुटतात आणि त्यांना वेगळी, जाड सुई लागते. लाँगप्लेची सुई त्यांवर लावू नये. विकत घेताना तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कडेने पाहावी, वाक असेल तर लगेच दिसतो, आणि मधले छिद्र रुंदावले आहे का तेही तपासावे. रुंदावले असेल तर प्रत्येक फेरीत सूर हलतो. वैशाखाच्या वावटळीतली बारीक माती खाचांत बसते, म्हणून दर वेळी वाजवण्याआधी तबकडी मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने पुसावी आणि वाजवून झाली की लगेच आतल्या कागदी पाकिटात घालावी.